हॅश जुळंना, फाइल ‘अनोळखी’ दाखवतोय: आधी काय तपासायचं

तक्रार दर हंगामाला येते. पीक विम्याचे फॉर्म सुरू झाले, अकरावी-डिप्लोमाचे प्रवेश सुरू झाले की लातूर-अंबाजोगाई पट्ट्यातल्या सेवा केंद्रांवर नवे संगणक, नवे स्कॅनर, अंगठा घ्यायची नवी मशीन बसतात. मग त्यांचे ड्रायव्हर, पीडीएफचं सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असं सगळं एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर फिरायला लागतं. एखादा जागरूक पोरगा त्या फाइलींचे हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणितानं निघणारे आकडे-अक्षरांचे ठसे, काढून बघतो. इथपर्यंत उत्तम. त्यानंतर फोन येतो: “सर, हॅश जुळंना. व्हायरस हाय का?” दुसऱ्याचा फोन: “सर, ती अमेरिकेची यादी हाय ना, त्यात ही फाइल सापडंना. डिलीट मारू का?” (ही यादी म्हणजे ज्ञात सॉफ्टवेअरच्या फाइलींच्या हॅशची नोंद, तिच्याबद्दल पुढं सांगतो.) आणि ज्यानं खरी धडकी भरते तो तिसरा: “सर, फाइल ओळखीची निघाली, समद्या मशीनवर टाकलो.”

तिघांचीही गाठ एकाच ठिकाणी बसलेली असते. हॅश एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: माझ्याकडची फाइल आणि ‘ती’ फाइल बाइट-न्-बाइट सारखी आहे का? आता ‘ती’ म्हणजे कोणती, तिचा हॅश कुणी काढला, तो आपल्यापर्यंत कुठून आला, हे आपलं आपण बघायचं. जुळला नाही म्हणजे दोन फाइली वेगळ्या आहेत. का वेगळ्या आहेत ते शोधावं लागतं, आणि माझ्याकडं आलेल्या प्रकरणांत त्या शोधाच्या शेवटी व्हायरस क्वचितच निघाला. बहुतेक वेळा भलतीच फाइल मोजलेली असते, किंवा बरोबर फाइल भलत्या मापानं.

अक्षरं मोजा

सगळ्यात आधी दोन्ही हॅश एकाच पद्धतीचे आहेत का ते बघा. त्याला नुसती लांबी पुरते. सीआरसी३२ ची अक्षरं ८, एमडी५ ची ३२, एसएचए-१ ची ४०, एसएचए-२५६ ची ६४ आणि एसएचए-५१२ ची १२८. कंपनीच्या पानावर ६४ अक्षरं आहेत आणि तुमच्या पडद्यावर ४०, तर ते जन्मात जुळायचे नाहीत.

हा घोटाळा इतका का होतो, तर विंडोजमधली सर्टयुटिल कमांड. तिला पुढे पद्धतीचं नाव दिलं नाही की ती मुकाट्यानं एसएचए-१ काढून देते. पॉवरशेलमधली गेट-फाइलहॅश मात्र काही न सांगता एसएचए-२५६ काढते. एकाच मशीनवर, एकाच फाइलीचे, दोन कमांडींनी दोन वेगळे हॅश आले की माणूस घाबरणारच. सर्टयुटिल वापरायची तर क्रम असा: सर्टयुटिल, स्पेस, हायफन लावून हॅशफाइल, स्पेस, अवतरणात फाइलचा पूर्ण पत्ता, स्पेस, आणि शेवटी एसएचए२५६. शेवटच्या शब्दात मध्ये हायफन नको, नाहीतर कमांड एरर देते. ज्यांना काळ्या पडद्याची धास्ती वाटते त्यांनी सेव्हन-झिप हे झिप फाइली उघडायचं सॉफ्टवेअर टाकून घ्यावं. फाइलवर राइट क्लिक केलं की सीआरसी-एसएचए असा मेन्यू येतो, त्यात एसएचए-२५६ निवडायचं. लिनक्सवाल्यांना सांगायची गरज नाही, त्यांच्याकडं एसएचए२५६सम आधीपासूनच असतं.

कॅपिटल-स्मॉल अक्षरांनी काही बिघडत नाही. पॉवरशेल कॅपिटलमध्ये दाखवतं, बहुतेक कंपन्या स्मॉलमध्ये छापतात, हॅश तोच. जुन्या विंडोज ७ वर सर्टयुटिल दर दोन अक्षरांनंतर जागा सोडतं. आमच्याकडं अजून बऱ्याच टेबलांवर विंडोज ७ ठाण मांडून बसलंय, म्हणून सांगतो: तुलना करण्याआधी त्या मोकळ्या जागा काढून टाका.

तुलना डोळ्यांनी करू नका. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून ‘जुळला’ म्हणायची सवय सगळ्यांनाच लागलेली असते. तेवढी आठ अक्षरं जुळणारी खोटी फाइल बनवायला सरासरी सुमारे ४२९ कोटी प्रयत्न लागतात. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण आजच्या साध्या संगणकाच्या आवाक्यातलं काम आहे ते. पॉवरशेलमध्ये दोन्ही हॅश अवतरणांत लिहून मध्ये हायफन-ईक्यू टाकलं की तो खरं की खोटं ते सांगतो, आणि कॅपिटल-स्मॉलचा भेदही करत नाही.

एक्सेलमध्ये याद्या ठेवणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. सीआरसी३२ चा हॅश ‘५२४१ई०१२’ असा निघाला, तर एक्सेल मधल्या ई ला घातांक समजून त्याची भलीमोठी संख्या करून टाकतं. ‘००४५७८१२’ असा नुसत्या आकड्यांचा निघाला, तर पुढची शून्यं गिळतं. चिकटवण्याआधी कॉलम टेक्स्ट करून घ्या. चिकटवल्यावर टेक्स्ट केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

मोजताय ती फाइल तीच आहे का

लांबी जुळली, हॅश जुळला नाही. आता फाइलीकडं बघायचं. ३२ बिट की ६४ बिट, कोणती आवृत्ती, कोणत्या भाषेची, एवढं पानावर नीट वाचा. कंपनी बऱ्याचदा झिप फाइलीचा हॅश देते आणि आपण झिप उघडून आतल्या सेटअपचा काढतो. ते दोन कधीच जुळणार नाहीत. तीच फाइल पुन्हा झिप केली तरी नव्या झिपचा हॅश जुन्याशी जुळेल असं नाही, कारण झिपमध्ये आतल्या फाइलींच्या तारखा आणि वेळाही लिहिलेल्या असतात. विंडोजची किंवा लिनक्सची आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, रूफस या साधनानं पेनड्राइव्हवर चढवली असेल, तर त्या पेनड्राइव्हचा हॅश आयएसओशी ताडून बघण्यात अर्थ नाही. मूळ आयएसओ फाइल ताडायची असते, आणि तीही चढवण्याआधी.

उलट बाजूनं, काय बदललं तरी हॅश बदलत नाही तेही माहीत असावं. फाइलचं नाव बदललं, फोल्डर बदललं, तारीख बदलली, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ केलं, तरी हॅश तोच राहतो. हे सगळं फाइलच्या आतल्या मजकुरात नसतं. म्हणूनच ‘सेटअप फायनल नवीन २’ अशा नावाच्या फाइलीचीही ओळख पटवता येते, आणि हॅशचा खरा उपयोग इथंच आहे.

आता आमच्या भागातला सगळ्यात नेहमीचा प्रकार. डाउनलोड अर्धवट.

“सर, चारदा टाकून बघितलो, हॅश जुळंनाच की.”

“फाइल किती मोठीये?”

“थांबा बघतो... अठ्ठेचाळीस केबी.”

“अरे, ऐंशी एमबीचा ड्रायव्हर अठ्ठेचाळीस केबीत कसा मावला? नेटचा रिचार्ज संपलाय का?”

“हाव. सकाळीच संपला.”

ब्रॉडबँडचा रिचार्ज संपला की काही कंपन्या प्रत्येक विनंतीला ‘पैसे भरा’ असं पान पाठवतात. ब्राउझर बिचारा तेच पान सेटअपच्या नावानं जतन करून ठेवतो. लिंक जुनी झाली असली किंवा साइटनं आधी लॉगिन मागितलं तरी असंच होतं. ओळखायची युक्ती सोपी आहे: फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खरी विंडोजची प्रोग्राम फाइल ‘एम’ आणि ‘झेड’ या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होते. ही एका मायक्रोसॉफ्ट प्रोग्रामरच्या, मार्क झ्बिकोव्स्कीच्या, नावाची आद्याक्षरं. झिप ‘पी’ आणि ‘के’ नं सुरू होते, ती फिल कॅट्झची. तिथं ‘एचटीएमएल’ दिसलं, तर तुम्ही वेबपान पकडलंय. उघडून बघा, पण जतन करू नका. नोटपॅडनं प्रोग्राम फाइल जतन केली की ती कामातून गेली.

फाइल मोठी आहे पण थोडी अपुरी, असंही होतं. डाउनलोड चालू असताना लाइट गेली, वायफायचा डबा बंद पडला, ब्राउझरनं जेवढं आलं तेवढ्यालाच पूर्ण म्हटलं. प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ च्या पुढे कंसात बाइटचा नेमका आकडा असतो, तो कंपनीच्या आकड्याशी ताडा. खालचा ‘साइझ ऑन डिस्क’ बघू नका, तो पेनड्राइव्हच्या रचनेप्रमाणे बदलतो. शून्य बाइटची फाइल तर हॅशवरूनच ओळखू येते: तिचा एसएचए-२५६ ‘ई३बी०सी४४२’ नं सुरू होतो आणि एमडी५ ‘डी४१डी८सीडी९’ नं. हे जगातल्या प्रत्येक रिकाम्या फाइलीचे हॅश आहेत. इंटरनेटवर शोधले तर हजार ठिकाणी सापडतात, आणि नवखा माणूस म्हणतो, बघा, किती प्रसिद्ध फाइल आहे.

एकाच फाइलीचा हॅश दोनदा वेगळा

हे लक्षण वेगळं आहे आणि याच्याकडं कुणी नीट लक्ष देत नाही. फाइलीला हात लावला नाही, दोनदा हॅश काढला, दोन वेगळे आले. सॉफ्टवेअरमध्ये काही शोधत बसू नका. मोठ्या फाइलीवर, म्हणजे तीन-चार जीबीच्या, पुन्हा पुन्हा काढा. दर वेळी आकडा हलत असेल तर रॅम खराब असण्याचीच शक्यता जास्त. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं साधन पेनड्राइव्हवरून चालवून रात्रभर सोडून द्या. जुन्या मशीनमध्ये कधी रॅमची पट्टी काढून, खाचेतली धूळ पुसून परत बसवली की भागतं. मार्च ते मे मध्ये पत्र्याच्या शेडमधल्या केंद्रांवर हे जास्त दिसतं, हे माझं निरीक्षण.

दुसरा गुन्हेगार म्हणजे बाजारातला स्वस्त पेनड्राइव्ह. वर १२८ जीबी छापलेलं, आत चिप त्याच्या काही पटीनं लहान. कॉपी करताना कुठलीच तक्रार करत नाही. फाइलींची नावं दिसतात, साइझही बरोबर दिसते. लगेच हॅश काढला तर तोही जुळतो! कारण विंडोजनं नुकतीच लिहिलेली फाइल अजून रॅममध्ये धरून ठेवलेली असते आणि तिथूनच वाचून देते. पेनड्राइव्ह काढून, दुसऱ्या मशीनला लावून हॅश काढला की पितळ उघडं पडतं. म्हणून नियम करा: कॉपी झाल्यावर ‘इजेक्ट’, मग पुन्हा लावा, मग हॅश. पेनड्राइव्हचाच संशय असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हे छोटं मोफत साधन पूर्ण जागा भरून परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. तासन्‌तास घेतं, पण एकदाच करायचंय. आणि चार जीबीपेक्षा मोठी फाइल पेनड्राइव्ह घेतच नसेल तर त्यात काही खोट नाही. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि त्या रचनेत एवढी मोठी फाइल बसतच नाही. एक्सफॅट करून घ्या.

सही बरोबर, हॅश वेगळा

सगळं तपासलं, फाइल कंपनीच्याच साइटवरून आज दोघांनी उतरवली, तरी दोघांचे हॅश वेगळे. याचं एक निरुपद्रवी कारण आहे. काही ब्राउझरांची छोटी ऑनलाइन इन्स्टॉलर फाइल, फायरफॉक्सची सुद्धा, उतरवताना तिच्यात एक खूण घातली जाते: डाउनलोड कुठल्या दुव्यावरून आलं वगैरे. ही खूण डिजिटल सहीच्या भागात अशा जागी बसते की सही मोडत नाही. अशा फाइलीची खातरजमा हॅशनं करू नका. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’, तिथं कंपनीचं नाव आणि ‘ही सही ठीक आहे’ अशा अर्थाचं वाक्य बघा. किंवा पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर घ्या. केंद्रांसाठी मी ऑफलाइनचाच आग्रह धरतो. दहा मशीनवर टाकायचं असेल तर नेटही वाचतं.

यादीत सापडत नाही

आता ‘अमेरिकेची यादी’. अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था निस्ट मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला एक नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी चालवते. तिथं सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती गोळा करतात, सीडी-डीव्हीडी आणि खोक्यांसकट जपून ठेवतात, त्यातली एकेक फाइल वेगळी काढून तिचा हॅश, नाव, साइझ आणि ती कुठल्या सॉफ्टवेअरची हे नोंदवतात. हा नोंदींचा संच मोफत मिळतो आणि दर तिमाहीला नवा निघतो. पूर्वी तो साध्या टेक्स्ट फाइलीत यायचा, आता एसक्यूलाइट डेटाबेसच्या रूपात येतो आणि त्यात एसएचए-२५६ सुद्धा असतो. संपूर्ण संच प्रचंड मोठा आहे. घरी वापरायला ‘मिनिमल’ नावाची छोटी आवृत्ती पुरते.

मुळात ही यादी तपास यंत्रणांसाठी बनली. जप्त केलेल्या संगणकात लाखांनी फाइली असतात, त्यातल्या बहुतेक विंडोजच्या आणि ऑफिसच्या. त्या हॅशवरून ओळखून बाजूला काढल्या की तपास करणाऱ्याला माणसानं स्वतः तयार केलेल्या किंवा बाहेरून आणलेल्या फाइलींवर लक्ष देता येतं. म्हणजे यादीचं काम गवत बाजूला सारण्याचं. जे उरतं ते सगळं संशयास्पद, असं तिनं कधी म्हटलेलं नाही.

त्यामुळं फाइल यादीत नसेल तर आधी साधी कारणं बघा. शोधताना हॅश स्मॉलमध्ये टाकलात आणि डेटाबेसमध्ये तो कॅपिटलमध्ये असेल, तर एसक्यूलाइट दोन्ही वेगळे समजतो आणि ‘नाही’ म्हणतो. याद्यांबद्दलच्या निम्म्या फोनांचा निकाल इथंच लागतो. मोफत मिळणारं ऑटोप्सी हे संगणक-तपासाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर संच जोडल्यावर त्याचा इंडेक्स झालाय ना बघा, तो नसेल तर शोध होतच नाही. यानंतर खरी कारणं. आपल्याकडची मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर, जिल्ह्याच्या ठिकाणी कुणीतरी बनवून विकलेली हिशेबाची किंवा दूध डेअरीची सॉफ्टवेअर गेथर्सबर्गला कशाला पोचतील? सेटअपची फाइल यादीत असली तरी इन्स्टॉल झाल्यावर त्या मशीनवरच तयार झालेल्या फाइली, सेटिंगच्या, लॉगच्या, डॉटनेटनं त्या मशीनपुरत्या बनवलेल्या, कुठल्याच यादीत नसणार. अपडेट आला की डीएलएल, म्हणजे प्रोग्रामच्या जोडफाइली, बदलतात आणि यादी एक पाऊल मागं राहते.

एक बाइट बदलला तरी अख्खा हॅश बदलतो, त्यामुळं ‘जवळपास तीच फाइल’ असं हॅश कधीच सांगणार नाही. मराठीतलं उदाहरण घ्या. ‘दुसऱ्या’ हा शब्द एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ नं टाइप होतो, दुसऱ्यावर साध्या र ला अदृश्य जोडाक्षर-खूण लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. दोन फाइलींत एवढाच फरक असला तरी हॅशमध्ये कशाचाही मेळ राहत नाही. साम्य मोजायचंच असेल तर त्यासाठी एसएसडीप सारखी वेगळ्या जातीची साधनं आहेत, पण ती प्रयोगशाळेतली. केंद्रावर त्यांचं काम नाही.

दुसरीकडं विचारायचं असेल तर लक्झेंबर्गच्या सर्कल या सायबर सुरक्षा केंद्राची हॅशलुकअप सेवा मोफत आहे. तिच्यात निस्टचा संच आहे आणि इतरही. व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या साइटवर नुसता हॅश टाकून शोधता येतं. तिथं फाइल अपलोड करू नका, हॅशच टाका. अपलोड केलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना बघायला मिळते, आणि आपल्या केंद्रांवरच्या फोल्डरांत सेटअपशेजारी लोकांची आधार कार्डं पडलेली असतात.

ओळखीची निघाली, म्हणून टाकली

तिसऱ्या फोनवाल्यानं हे नीट वाचावं. निस्टची यादी ‘ज्ञात’ फाइलींची आहे. चांगल्या फाइलींची नाही. त्यात पासवर्ड फोडायची, मजकूर लपवायची साधनंही नोंदवलेली आहेत, कारण तीही विकत किंवा फुकट मिळणारी सॉफ्टवेअरच. मतदार यादीत नाव असलं म्हणजे माणूस इथला, एवढंच कळतं. तो उसनं परत करतो का, ते यादी सांगत नाही. ऑटोप्सीमध्ये म्हणूनच संच जोडताना ‘ज्ञात’ आणि ‘दखल घेण्याजोगे’ असे वेगळे प्रकार निवडावे लागतात. चुकून निस्टचा संच दुसऱ्या प्रकारात टाकलात तर अख्खं विंडोज लाल दिसायला लागेल.

कंपनीनं स्वतः दिलेला हॅश जुळला तरी भरवशाला मर्यादा आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सीक्लीनर या संगणक साफ करायच्या सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या अधिकृत जागेवरून, कंपनीच्याच डिजिटल सहीनिशी बाहेर पडली, आणि आत घुसवलेला दुष्ट कोड होता. सप्टेंबरमध्ये उघडकीस येईपर्यंत लाखो लोकांनी ती टाकली होती. हॅश जुळत होता, सही जुळत होती. त्याच्या आदल्या वर्षी, २० फेब्रुवारी २०१६ ला, लिनक्स मिंटच्या साइटवर कुणीतरी शिरून १७.३ सिनेमन आवृत्तीच्या आयएसओचे दुवेच बदलले. फाइल आणि तिचा हॅश एकाच पानावर असेल, तर पान ज्याच्या हातात गेलं त्याच्या हातात दोन्ही गेलं. जमेल तिथं हॅश दुसऱ्या वाटेनं मिळवा, किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची जीपीजी सही (फाइलीसोबत वेगळी दिलेली डिजिटल सही) तपासा.

एमडी५ आणि एसएचए-१ बद्दल थोडक्यात. एकाच एमडी५ च्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं. २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरनं त्याच उणिवेवर मायक्रोसॉफ्टच्या नावाची खोटी सही मिळवली होती. एसएचए-१ चा नंबर २०१७ च्या फेब्रुवारीत लागला: अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगलनं एकाच हॅशच्या दोन वेगळ्या पीडीएफ जाहीर केल्या. आधीपासून असलेल्या फाइलीच्या एमडी५ शी जुळणारी नवी फाइल बनवणं अजून कुणाला व्यवहारात जमलेलं नाही. त्यामुळं जुन्या ड्रायव्हरच्या सीडीसोबत फक्त एमडी५ असेल तर कॉपी नीट झाली का बघायला तो चालतो. नव्या यादीसाठी मात्र एसएचए-२५६ च.

व्हॉट्सअॅपवरून आलेली एपीके

‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान’ अशा नावांच्या खोट्या एपीके, म्हणजे अँड्रॉइड अॅपच्या फाइली, गावोगाव फिरतात. त्यांचा हॅश कुठल्या यादीत सापडला नाही म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. बनवणारे दर थोड्या दिवसांनी थोडाफार बदल करून नवी फाइल सोडतात, हॅश आपोआप नवा. उलट खऱ्या अॅपचीही अडचण आहे. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवी अॅप बंडलच्या रूपात द्यावी लागतात आणि स्टोअर प्रत्येक फोनच्या जातीप्रमाणे वेगळे तुकडे पाठवतं. दोन फोनमधून काढलेल्या एकाच अॅपच्या फाइलींचे हॅश त्यामुळं वेगळे येऊ शकतात. अँड्रॉइडमध्ये फाइलीचा हॅश ताडण्यापेक्षा अॅपवर सही करायला वापरलेल्या प्रमाणपत्राचा एसएचए-२५६ ठसा ताडावा. तो आवृत्ती बदलली तरी सहसा तोच राहतो. आणि सरकारी योजनेची एपीके व्हॉट्सअॅपवर आली असेल तर कुठलाच हॅश काढत बसू नका, उडवा.

याच अनुषंगानं वकील मंडळींचे फोन येतात, म्हणून एक आडवी गोष्ट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं त्यात हॅश आणि त्याची पद्धत लिहावी लागते. सीसीटीव्हीची क्लिप व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखी व्हिडिओ म्हणून पाठवली की अॅप ती दाबून लहान करतं आणि हॅश बदलतो. मूळ फाइलीचा हॅश डीव्हीआरमधून काढताक्षणी नोंदवा, पाठवायचीच झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आपली यादी आपणच

बाहेरच्या याद्यांचे हे सगळे प्रकार बघता केंद्रांना मी एकच मार्ग सुचवतो. लागणारी सॉफ्टवेअर एकदा, एका स्वच्छ मशीनवर, मूळ कंपनीच्या साइटवरून उतरवा, सह्या तपासा, एका फोल्डरात ठेवा आणि त्या फोल्डराची एसएचए-२५६ यादी काढा. हॅशडीप हे साधन अख्ख्या फोल्डराची यादी काढतं आणि नंतर ‘ऑडिट’ मध्ये जुनी यादी समोर ठेवून काय बदललं, काय नवं घुसलं, काय गायब झालं तेही सांगतं. यादीची एक प्रत कागदावर छापून केंद्राच्या फाइलीत लावा. पेनड्राइव्ह गावभर फिरून आला की ऑडिट चालवायचं; जे जुळलं नाही ते मूळ फोल्डरातून परत भरायचं. का जुळलं नाही याच्या खोलात दर वेळी शिरायची गरज उरत नाही.

यात दोन गोष्टी अडतात. पॉवरशेलच्या जुन्या आवृत्तीत ‘मोठा आहे’ या चिन्हानं यादी फाइलीत उतरवली तर ती यूटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या वेगळ्या पद्धतीत लिहिली जाते आणि लिनक्सचं एसएचए२५६सम तिला ओळखतच नाही. नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८, बीओएम (सुरुवातीची अदृश्य खूण) नसलेलं, असं जतन करा. दुसरं, फाइलींची नावं मराठीत ठेवू नका. ‘स्कॅनर ड्रायव्हर नवा’ हे नाव काळ्या पडद्यावर चौकोन होऊन येतं आणि यादी जुळवताना फाइल ‘सापडली नाही’ म्हणून पडते. मराठीचा अभिमान कागदपत्रांत दाखवू, सेटअपच्या नावात इंग्रजीच राहू द्या.

हे सगळं करूनही अडलं तर विचारताना इतकं पाठवा: फाइलचं पूर्ण नाव, बाइटमध्ये साइझ, ६४ अक्षरांचा एसएचए-२५६, आणि फाइल कुठून आणली तो दुवा. हॅश कॉपी करून टेक्स्टमध्येच पाठवा. स्क्रीनचा फोटो काढून पाठवला तर समोरच्याला बी आणि ८ यांतला फरक भिंगातून बघावा लागतो.